बस्ता

विवाह ठरल्यानंतर वर व वधू या दोन्ही पक्षांच्या मंडळींनी एकत्र जाऊन केलेली कापडखरेदी, तसेच त्या खरेदीचा बांधलेला गठ्ठा. ही रीत महाराष्ट्रात इतरत्रही आढळते. येथे मराठवाड्यातील प्रघात प्रामुख्याने विचारात घेतला आहे.

‘बस्ता’ हा शब्द फार्सी ‘बस्तन’ (बांधणे) या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘बांधलेले’ असा आहे. मराठीत रुळलेल्या ‘बंदोबस्त’ व ‘दरोबस्त’ या शब्दांतही हाच धातू दिसतो. दप्तरखान्यात कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यालाही बस्ताच म्हणत आणि हिंदी-उर्दूत शाळेच्या दप्तराला आजही तोच शब्द आहे. ‘वस्त्र’ या शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु बोलीत ‘वस्त्र’चे ‘वस्तर’ होते, आणि आरंभीच्या वकाराचा बकार होणे ही हिंदीची लकब आहे, मराठीची नव्हे. हा शब्द निजामी राजवटीत (१७२४–१९४८) उर्दूच्या प्रभावाने रुजला असावा असे वरकरणी वाटते. तथापि तो निजामी हद्दीबाहेर, पश्चिम महाराष्ट्रातही, याच अर्थाने चालतो, हे पाहता त्याचे मूळ बहमनी काळापासूनच्या फार्सी संपर्कात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

ग्राहकवर्तनाच्या अभ्यासात सुचवणारा, प्रभाव टाकणारा, निर्णय घेणारा, विकत घेणारा व वापरणारा अशा पाच भूमिका मानतात. बस्त्यात त्या एका व्यक्तीकडे क्वचितच येतात. दुकानातील गादीवर शालू उलगडला की आत्या पदराची जर अंगठ्याने चोळून पाहते, रंगाला विहीणबाईंची संमती लागते, रक्कम घरातील कर्ता पुरुष मोजतो. आणि जिने तो नेसायचा ती नवरी पूर्वी बहुधा कडेला बसून मान हलवीत असे. अलीकडे मोबाइलवरील छायाचित्र दाखवून तीच शालू निवडते, मात्र खर्चाची मर्यादा बैठकीतील यादीत आधीच ठरलेली असते.

शालूखेरीज बाकीच्या साड्यांत दोन दर्जे असतात. मानाच्या साड्या करवली, आत्या, मावशी यांच्यासाठी नात्याच्या पायरीनुसार निवडतात. त्यांत उणेअधिक झाल्यास रुसवा ठरलेला. देण्याघेण्याच्या साड्या मात्र डझनाच्या हिशेबाने घेतात. त्यांतील कित्येक कधी नेसल्याच जात नाहीत. घडी न मोडता त्या पुढच्या लग्नात आहेर म्हणून फिरतात, म्हणून त्यांना वस्त्रापेक्षा चलन म्हणणे अधिक योग्य. या खर्चाला अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांची दिखाऊ उपभोगाची, म्हणजे प्रतिष्ठा मिरवण्यासाठी केलेल्या खर्चाची, कल्पना (१८९९) लावली जाते. ती शालूला लागू पडते. आहेराच्या बाबतीत मात्र समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांचे दान-प्रतिदानाचे विवेचन (१९२५) अधिक जवळचे आहे, कारण तेथे जुने देणे फेडले जाते.

दुकानाची निवड भावापेक्षा ओळखीवर ठरते. लातूरच्या गंजगोलाईसारख्या, सोळा रस्ते एकत्र येणाऱ्या पेठेतही कुटुंब बहुधा आजोबांपासूनच्या दुकानाचीच पायरी चढते, कारण उधारी तेथे मिळते. तुळशीविवाहानंतर लग्नसराई सुरू होते, त्याच सुमारास कापूस व सोयाबीनचा पैसा हाती येतो. अवर्षणाच्या वर्षी मानाच्या साड्यांपेक्षा देण्याघेण्याच्या साड्यांची संख्या आधी घटते.

बौद्ध विवाहांत वधूवरांसाठी पांढऱ्या वस्त्रांची निवड रूढ आहे. मुस्लिम कुटुंबांत वरपक्षाकडून वधूला जाणाऱ्या कपड्यालत्त्यास ‘बरी’ म्हणतात.