केस बंद असली तरी गाडी तापतेच

‘युकुलेली हार्ड केसमध्ये आहे ना, मग राहू दे गाडीत,’ गिटारसारख्या या छोट्या, चार तारांच्या वाद्याबद्दलचा हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धवट खरा आहे, म्हणूनच जास्त घातक. केस, म्हणजे वाद्याची कडक पेटी, धक्क्यांपासून वाचवते. उष्णता मात्र ती फक्त लांबवते, अडवत नाही. बाहेर ३५ अंश सेल्सिअस असताना उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात पारा ५० च्या वर जातो, आणि काळी केस थेट उन्हात असेल तर ती त्याहूनही तापते. अशा उष्णतेत लाकूड जोडणारा गोंद मऊ पडायला लागतो. तारांचा ताण चालूच असतो, मग ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात ती वाद्यावर चिकटवलेली पट्टी, हळूहळू उचलला जातो. तारा सैल केल्याने हा ताण कमी होतो खरा, पण लाकूड सुकायचं थांबत नाही. पातळ सॉलिड (प्लायवूड नसलेल्या, अखंड) लाकडाला त्यातूनच तडे जातात.

कडाक्याच्या थंडीत उलटा घोळ. गारठलेलं वाद्य उबदार खोलीत आणून लगेच केस उघडली, तर पॉलिशला बारीक चिरा पडू शकतात. केस बंदच ठेवा, तासन्‌तास लागले तरी. प्लॅस्टिकची युकुलेली कोरड्या हवेला दाद देत नाही, पण भट्टीसारख्या गाडीत तीही वाकू शकते.