आंब्याच्या पानावरचे फोड: बुरशी की माशी?

पाऊस सुरू झाला की आमच्या व्हॉट्सअॅपवर आंब्याच्या पानांचे फोटो यायला लागतात. पानभर मसुरीएवढे फोड आणि खाली प्रश्न: "बुरशी लागली का? काय मारू?" बहुतेक वेळा ती बुरशी नसते. बुरशीनाशकाची बाटली विकून आम्हाला चार पैसे मिळतील, पण फोड तसेच राहतील आणि शिव्या आम्ही खाऊ.

आधी एक फोड ब्लेडने आडवा कापा. आत पोकळी आणि तिच्यात बारीक पिवळसर अळी दिसली, किंवा फोडाला टाचणीने पाडल्यासारखं भोक असून आत रिकामं असलं, तर ते मिजमाशीचं घर. माशी कोवळ्या पानात अंडी घालते आणि पान अळीभोवती गाठ वाढवतं. जांभळाच्या, उंबराच्या पानांवरच्या गाठीही किडींच्याच, फक्त त्या किडी रस शोषणाऱ्या. मोठं झाड हे सगळं सहज सोसतं. फोड आलेली पानं तोडा, खाली पडलेली झाडून उचला, एवढंच पुरे. कुंडीतलं लहान कलम पार भरून गेलं असेल तरच आम्हाला बोलवा.

बुरशीची खरी गाठ आंब्यावर वेगळी दिसते, आणि बहुधा मोहोरात. फ्युजेरियम नावाच्या बुरशीने मोहोर लांब, मोकळा न येता जाड, हिरवा, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा येतो. त्याला फळ धरत नाही. वाळला तरी गळत नाही, काळा पडून महिनोन्महिने लटकतो. लहान रोपात शेंड्याला बारीक पानांचा कुंचा होतो. १८९१ साली बिहारमधल्या दरभंग्यात या रोगाची पहिली नोंद झाली. थंडीच्या उत्तर भारतात त्याचा त्रास जास्त, मुंबईच्या उबदार हवेत कमी. तरी कलमातून तो प्रवास करतो, म्हणून रोप घेताना शेंडा नीट बघून घ्या. कुंचा दिसला तर ते रोप नको, कितीही स्वस्त असो.

झाडावर असा गुच्छ आलाच, तर त्याच्या खाली वीतभर निरोगी फांदीसकट कापा. दर कापाला कात्री स्पिरिटने पुसा. कापलेलं खतात टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

पेरूचं झाड निस्तेज होऊन पानं तांबूस पडत असली, तर वर शोधू नका, कुंडीतून मुळं काढून बघा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. फांदीवरचा फुगवटा बांडगुळाच्या बुडाशी असतो, तोही बुरशीचा नव्हे. आणि फणसाच्या खोडावरच्या गाठींना तर हातच लावू नका! एका सोसायटीत माळी त्या खरवडायला निघाला होता. पुढच्या वर्षीचे फणस तिथूनच लागणार होते.

सोसायटीच्या आवारातली मोठी फांदी उतरवायची तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. अर्ज सोसायटीच्या नावाने करावा लागतो, कागद आम्ही तयार करून देतो.

फोटो पाठवताना पानाच्या दोन्ही बाजू, कापलेला फोड आणि शेजारी एक रुपयाचं नाणं येऊ द्या. संपूर्ण झाडाचाही एक फोटो हवा. फ्लॅश मारू नका, पान चकाकतं आणि काही कळत नाही.