गाडीत पिस्तूल बाळगायचे असेल तर: परवान्याची पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

सराफ, पेट्रोल पंपचालक, बाजार समितीतली रोकड घेऊन रात्री गावाकडे निघणारे व्यापारी यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो: गाडीत ठेवायला परवडणारे आणि भरवशाचे पिस्तूल कोणते घ्यावे? प्रश्न रास्त आहे, पण दुकानातून सुरुवात केली की वाट चुकते. आपल्याकडे गाडीसाठी परवाना नसतो. तो एका माणसाला, त्याच्या नावाने मिळतो आणि विकत घेतलेल्या हत्याराचा क्रमांक त्यावर चढतो. कोणते हत्यार, किती काडतुसे, कोणत्या हद्दीत, हे सगळे त्या कागदावरून ठरते. म्हणून आधी परवाना.

शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 हा या सगळ्याचा पाया. अर्जदाराचे वय 21 पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल, तर ती भोगून झाल्यावरही पाच वर्षे अपात्रता राहते. चांगल्या वर्तणुकीचा किंवा शांतता राखण्याचा बंधपत्राचा आदेश झालेला असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत परवाना नाही. मानसिक आजार आणि नशेची सवय यांची तपासणी वैद्यकीय प्रमाणपत्रातून होते. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते: पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कायद्याच्या कलम 14 मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे.

खरी परीक्षा असते ती गरजेची. आपल्या धंद्याच्या, पेशाच्या किंवा नोकरीच्या स्वरूपामुळे जीव वा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज आहे, असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटावे लागते. बहुतेक अर्ज इथेच अडतात. ‘स्वसंरक्षणासाठी’ एवढा एक शब्द लिहून दिलेल्या अर्जातून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी काय काम करता, रोकड किंवा दागिने कोणत्या मार्गाने, साधारण कोणत्या वेळी नेता, वाटेत किंवा दुकानावर पूर्वी काय घडले, हे साध्या भाषेत लिहा. धमकी आली असेल तर पोलीस ठाण्यातल्या अदखलपात्र नोंदीची किंवा गुन्ह्याच्या प्रथम खबरीची प्रत जोडा. तक्रारच दिली नसेल, तर त्या घटनेला अर्जात फारसे वजन मिळत नाही. म्हणून प्रसंग घडला की त्याच दिवशी ठाण्यात जाऊन नोंद करावी, मग पुढे परवाना घ्यायचा असो वा नसो.

अर्ज कुणाकडे करायचा? मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक अशा पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे. बाकी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी म्हणून. कलेक्टर कचेरीत हे काम सहसा गृह शाखा पाहते. अर्जाचा नमुना ए-1, आणि तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एनडीएएल-एएलआयएस या संकेतस्थळावर भरता येतो. देशातल्या प्रत्येक परवानाधारकाची नोंद या प्रणालीत असते आणि प्रत्येकाला एक यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळतो. जुना परवाना घरात असेल आणि त्यावर हा क्रमांक नसेल, तर आधी तो विषय मार्गी लावा, कारण यूआयएनविना परवाना वैध धरला जात नाही.

कागदपत्रांत पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, नमुना एस-3 मधले शारीरिक व मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी (नमुना एस-2) लागते. हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नमुना एस-1 मध्ये असते. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांनी आपापल्या पेशाचे प्रमाणपत्र जोडावे. याशिवाय कचेरीत आयकर विवरणपत्रे, दुकान परवाना, सातबारा असे कागदही मागितले जातात. ते गरजेचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात, त्यामुळे मागण्याची वाट न पाहता जोडलेले बरे. प्रशिक्षणाकडे मात्र एक कागद म्हणून पाहू नका. नेमबाजी केंद्रावर जाऊन हत्यार रिकामे आहे की नाही हे तपासायला शिकणे, बोट ट्रिगरपासून दूर ठेवण्याची सवय लागणे, हे घरात मुलेबाळे असणाऱ्याला टाळताच येणार नाही.

अर्ज पोहोचला की तो चौकशीसाठी आपल्या भागातल्या पोलीस ठाण्याकडे जातो. तिथे जबाब होतो, शेजारीपाजारी विचारणा होते, गुन्ह्यांच्या नोंदी पाहिल्या जातात. नियमांनुसार पोलिसांचा अहवाल 30 दिवसांत आणि त्यानंतर परवाना अधिकाऱ्याचा निर्णय 60 दिवसांत व्हायला हवा. प्रत्यक्षात उशीर होतो, तेव्हा पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा आणि पाठपुरावा लेखी करा. अर्ज नामंजूर झाला तर कारणे लेखी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते: जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्य शासनाकडे.

परवाना हातात आला की मग हत्यार. सर्वसामान्य नागरिकाला 9 मिलिमीटरचे पिस्तूल मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास). त्यामुळे बाजारात बहुतेकांची नजर .32 (इंचातला बोअर) वर असते. इथे एक घोटाळा होतो. .32 रिव्हॉल्व्हर आणि .32 पिस्तूल यांची काडतुसे वेगळी असतात, एकाची दुसऱ्यात चालत नाहीत. कानपूरच्या सरकारी कारखान्यांची .32 रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे वापरात आहेत. 2014 मध्ये तिथूनच सुमारे अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर आले, तेव्हा त्याची किंमत 1,22,360 रुपये होती. इशापूर कारखान्याचे ‘अशनी’ हे .32 पिस्तूल, तर ‘निडर’ हे .22 चे हलके रिव्हॉल्व्हर. उत्तर प्रदेशात संडिला इथे वेब्ली अँड स्कॉट या मूळच्या ब्रिटिश कंपनीच्या हत्यारांचेही उत्पादन होते. माझे मत विचाराल तर कधीमधीच हत्यार हाताळणाऱ्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे. गोळी उडाली नाही तर पुन्हा ट्रिगर दाबला की पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात तेच काडतूस हाताने बाहेर काढावे लागते, आणि घाबरलेल्या माणसाला ते जमत नाही. जुनी विलायती हत्यारे नावामुळे महाग विकली जातात. त्या पैशात नवे देशी हत्यार आणि सरावाची काडतुसे दोन्ही येतील.

दुसऱ्या परवानाधारकाकडून वापरलेले हत्यार घेता येते, पण विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. घरात वडिलांचे हत्यार असेल तर खर्च आणखी कमी. धारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो 70 वर्षांचा झाल्यावर, किंवा हत्यार बाळगून 25 वर्षे झाल्यावर, कायदेशीर वारस आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करू शकतो. कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे.

आता गाडी. सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असले पाहिजे. याचा सरळ अर्थ असा की डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून गाडी पार्किंगवाल्याच्या हवाली करणे, धाब्यावर जेवताना सीटखाली सोडणे, रात्रभर गाडीतच ठेवणे यातले काहीही चालणार नाही. गाडीची काच फोडायला क्षण पुरतो आणि चोरलेले हत्यार कुणाच्या हाती जाईल याचा विचार करा. गाडीतून उतरताना ते अंगावर घ्या, किंवा घरी कुलुपात ठेवून निघा. ड्रायव्हरच्या हाती देऊन ‘पुढे घेऊन जा’ म्हणणेही धोक्याचे. धारक सोबत असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, तेही हत्याराची दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा धारकाच्या वापरासाठीच, दुसऱ्याला ते नेता येते. एरवी तो विनापरवाना बाळगण्याचा गुन्हा, आणि त्याला किमान दोन व कमाल पाच वर्षांची कैद आहे.

परवान्यावरची हद्द वाचूनच प्रवास ठरवा. महाराष्ट्रापुरता वैध परवाना बांद्याहून पत्रादेवी ओलांडताना किंवा कागलहून निपाणीला जाताना उपयोगाचा नाही. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याची नोटीस आली तर वेळेत जमा करून पावती घ्या. आणि हत्यार हरवले किंवा चोरीला गेले, तर शोधाशोध करत बसू नका. जवळचे पोलीस ठाणे तुमच्या हद्दीतले नसले तरी आधी तिथे खबर द्या, मग परवाना शाखेला कळवा.