लांबचा रस्ता, पण विमान लवकर पोचतं

व्हॉट्सअपवर परत तो मेसेज फिरतोय, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाचं गाव आपोआप जवळ यायला हवं, तसं होत नाही म्हणजे पृथ्वी फिरतच नाही! शाळा शिकलेली माणसं हे फॉरवर्ड करतात याचं खरंच वाईट वाटतं. धावत्या लोकलच्या डब्यात उडी मारली तर आपण त्याच जागी पडतो ना, तसंच हवा आणि विमान दोन्ही पृथ्वीबरोबरच फिरत असतात.

पण पृथ्वीच्या फिरण्याचा विमानावर परिणाम होतो, आणि तो बरोबर उलटा होतो, पूर्वेला जाणारं विमान लवकर पोचतं. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को बघा. ग्लोबवर दोरा ताणला तर सगळ्यात जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाजवळून जातो, साधारण 12,400 किमी. एअर इंडिया आधी पश्चिमेला अटलांटिकवरून जायची, सुमारे 13,900 किमी. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी पूर्वेला पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली, सुमारे 15,300 किमी, म्हणजे 1,400 किमी जास्त, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर! भागाकार करा, ताशी 1,050 च्या वर जातं. विमान स्वतः हवेत साधारण ताशी 900 नेच उडतं, वरचा वेग वाऱ्याने दिलेला.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम, खूप उंचावरून पूर्वेकडे जोरात वाहणारा वारा, आणि तो तयार कसा होतो ते मला फार आवडतं. विषुववृत्ताकडची हवा तापून फुगते, तिचा थर उंच होतो. ध्रुवाकडची गार हवा खालीच दाटून बसते. आता दोन्हीकडे 10-11 किमी उंचीवर दाब मोजा. दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन, उष्ण बाजूला त्या उंचीच्या वर अजून बरीच हवा शिल्लक असते, गार बाजूला कमी, म्हणून उत्तर गोलार्धात हवा त्या उंचीवर दक्षिणेकडून उत्तरेकडे ढकलली जाते. पण पृथ्वी फिरतेय, त्यामुळे वाहती हवा उजवीकडे वळत जाते (कोरिओलिस परिणाम), आणि दाबाचा उत्तरेकडचा रेटा आणि कोरिओलिसचा दक्षिणेकडचा रेटा समसमान झाले की वारा सरळ पूर्वेला वाहतो. दोन बाजूंच्या तापमानातला फरक जितका जास्त तितका उंचीबरोबर वाऱ्याचा वेग भराभर वाढतो, म्हणून हिवाळ्यात जेट स्ट्रीम जास्त जोरात असते. सैबेरियाची थंडी आणि पॅसिफिकची ऊब जपानजवळ शेजारीशेजारी येतात, तिथे तर ती ताशी 300 किमीच्याही वर जाते, आणि दिल्लीहून पॅसिफिकवरून जाणारं विमान नेमकं त्याच भागातून जातं.

जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता, पण 1926 चा अहवाल एस्परांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत लिहिला, बाहेर फारसा कुणी वाचलाच नाही. 1944 मध्ये अमेरिकेची बी-29 बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली तेव्हा वैमानिकांना याचा जोर कळला.

फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं, वेग ताशी 1,300 च्या पुढे गेला, लगेच आवाजापेक्षा वेगवान म्हणून बातम्या झाल्या. पण तो वेग जमिनीच्या हिशोबाने आहे, भोवतालच्या हवेच्या हिशोबाने विमान आवाजाच्या वेगाच्या खालीच होतं.