मिलिसेकंद पल्सारांच्या सहचर ताऱ्यांचे निरीक्षण

स्वतःभोवती सेकंदाला शेकडो फेऱ्या मारणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याला, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेल्या अतिघन गाभ्याला, मिलिसेकंद पल्सार म्हणतात. ही गती त्याला जोडीच्या ताऱ्याकडून ओढलेल्या द्रव्यामुळे मिळते, असे मानले जाते. म्हणूनच यांतील बहुसंख्य पल्सार द्वैती प्रणालींत, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांत, आढळतात. जोडीतला दुसरा तारा म्हणजे सहचर. तो बहुधा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा लहान, घन अवशेष असतो. पल्सारची स्पंदने रेडिओ दुर्बीण टिपते, सहचराचा प्रकाश मात्र प्रकाशीय दुर्बिणीतूनच मिळवावा लागतो. स्पंदने लवकर-उशिरा पोहोचण्यावरून पल्सारची कक्षा कळते, सहचराच्या वर्णपटरेषांच्या सरकण्यावरून त्याचा वेग कळतो आणि दोहोंवरून वस्तुमानांचे गुणोत्तर निघते. प्रत्यक्ष वस्तुमान काढताना खरी अडचण कक्षेच्या कलाची, म्हणजे कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी किती झुकलेली आहे याची आहे. तो अनेकदा प्रकाशवक्राच्या (काळानुसार तेज कसे बदलते त्या आलेखाच्या) प्रारूपावरून काढावा लागतो. त्यामुळे जे०९५२-०६०७ या पल्सारसाठी २०२२ मध्ये जाहीर झालेला २.३५ सौर वस्तुमानांचा (सूर्याच्या २.३५ पट) आकडा त्याच्या ०.१७ अनिश्चिततेसह वाचणेच योग्य.

‘ब्लॅक विडो’ गटात पल्सार आपल्या सहचराला तापवून झिजवत असतो. १९८८ मध्ये सापडलेला बी१९५७+२० हा त्याचा पहिला नमुना असून त्याची कक्षा सुमारे ९.२ तासांची आहे. सहचर आपल्या आणि पल्सारच्या मध्ये आला की त्याची थंड बाजू आपल्याकडे असते. तेव्हा तो सर्वांत मंद दिसतो आणि त्याच सुमारास रेडिओ स्पंदनेही झाकली जातात. नाशिक-पुणे मार्गावरील नारायणगावाजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने शोधलेला जे१५४४+४९३७ याच गटातला. त्याची कक्षा २.९ तासांची असली, तरी सहचर इतका मंद आहे की त्यासाठी हवाईतील केक दुर्बीण वापरावी लागली.

नाशिकच्या हौशी निरीक्षकाला आवाक्यातले लक्ष्य म्हणजे जे१०२३+००३८ ही मिलिसेकंद पल्सार आणि त्याचा सहचर यांची प्रणाली. मघा ताऱ्याच्या दक्षिणेस सुमारे १२ अंशांवर, षडंश तारकासमूहात असलेली ही प्रणाली नाशिकहून मध्यमंडलावर (आकाशातल्या दक्षिणोत्तर मध्यरेषेवर) सुमारे ७० अंश उंच येते आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या निरभ्र रात्री तिला सोयीच्या पडतात. उलट बी१९५७+२० चा हंगाम नेमका पावसाळ्यात वाया जातो. जे१०२३+००३८ ची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) सुमारे १७ असल्याने शहराच्या उजेडातून बाहेर, त्र्यंबकेश्वर किंवा पेठच्या बाजूला जाऊन मध्यम आकाराच्या दुर्बिणीला सीसीडी कॅमेरा जोडावा लागतो. कक्षा ४.७५ तासांची, म्हणजे पूर्ण फेरा एका रात्रीत नोंदता येतो. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करून सलग छायाचित्रांतून तेज मोजतात. जून २०१३ मध्ये रेडिओ स्पंदने थांबून पल्सारभोवती वायूची तबकडी पुन्हा तयार झाली, प्रणाली सुमारे एका प्रतीने उजळली आणि सहचराच्या संथ चढउतारावर तबकडीची जलद लुकलुक चढली. तेव्हापासून ती टिपण्यासाठी छायाचित्रांचा उद्भासनकाळ (प्रत्येक छायाचित्रासाठी प्रकाश गोळा करण्याचा वेळ) कमी ठेवावा लागतो.