बारावीनंतर नर्सिंग: एएनएम, जीएनएम की बीएस्सी?

नर्सिंगचा कोणता रस्ता मोकळा राहणार, हे बऱ्याचदा अकरावीतच ठरून गेलेलं असतं. पुण्यातल्या ज्युनियर कॉलेजांत जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेणारी मुलं पुष्कळ. पुढे मन बदललं तर त्यांना बीएस्सी नर्सिंग मिळत नाही. तिथे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतंच. पीसीबीत, म्हणजे या तीन विज्ञान विषयांत, मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के हवेत आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत.

बीएस्सी चार वर्षांची. प्रवेशासाठी राज्य सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची परीक्षा १०० गुणांची, त्यात पीसीबी आणि इंग्रजीशिवाय नर्सिंग अभिरुचीचेही प्रश्न असतात. पदवी बहुतेक ठिकाणी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. भारती विद्यापीठ, सिंबायोसिस ही अभिमत विद्यापीठं असल्याने त्यांचे अर्ज वेगळे भरावे लागतात. एएफएमसी, म्हणजे पुण्यातल्या सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नर्सिंग कॉलेजात मात्र सीईटी चालत नाही, तिथे नीट ही देशपातळीवरची वैद्यकीय प्रवेश परीक्षा लागते. प्रवेश फक्त मुलींना, आणि पुढे लष्करी सेवेचा बाँड. नीट दिलीच नाही म्हणून ही जागा हातची जाते, तेव्हा फॉर्म भरायच्या दिवसांत जागं राहा.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही पदविका तीन वर्षांची, त्यासाठी बारावीला इंग्रजी आणि ४० टक्के लागतात. विज्ञानाला प्राधान्य, पण इतर शाखाही चालतात. माझ्या मते घरची परिस्थिती बेताची असेल आणि लवकर कमवायचं असेल तर हाच सरळ मार्ग, कारण परिचर्या परिषदेत नोंदणी झाली की नोकरी सांभाळून पुढच्या शिक्षणाचा बेत आखता येतो आणि नंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. फरक कुठे पडतो? नॉरसेट या एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेला बीएस्सीवाले थेट बसतात, जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) दोन वर्षांचं, मुलींसाठी. उपकेंद्रावर आरोग्यसेविका व्हायचं असेल तर ते उपयोगी.

आता कागद. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, आधार, वैद्यकीय दाखला. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. खरी पळापळ जात पडताळणीची. पुण्यात अनुसूचित जमाती वगळता ते काम विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात होतं आणि ते चार दिवसांत होईल या भ्रमात राहू नका. बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. नॉन-क्रिमिलेअरवर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्यातलं साल नीट वाचा, गेल्या वर्षीचं चालत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं असेल तर दुरुस्ती आधीच करून घ्या.

ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे. त्यासाठी प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर.

फी भरण्यापूर्वी संस्थेकडे भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता दाखवायला सांगा. सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग’ कोर्सवर परिषदेची नोंदणी होत नाही, त्यातून फार तर रुग्णसहायक होता येतं.