तंबूतला सफारी कॅम्प (मसाई मारा)

तंबूतला सफारी कॅम्प म्हणजे आफ्रिकेतल्या गवताळ माळरानात, ज्याला सव्हाना म्हणतात तिथे, सिमेंट न ओतता उभी केलेली राहायची सोय. जाड कॅनव्हासची राहुटी, आत खराखुरा पलंग, मागच्या कनातीआड संडास-बाथरूम, आणि बहुतेक ठिकाणी भोवती कुंपण नाही. असे कॅम्प टांझानिया, बोट्स्वाना, झांबियातही आहेत, पण ही नोंद मुख्यतः केनियातल्या मसाई मारा या राखीव माळरानाबद्दल आहे, कारण आपल्याकडचे बरेच लोक तिकडेच जातात आणि 'इको' या शब्दाचा खरा कस पण तिथेच लागतो.

सफारी हा स्वाहिली शब्द, अर्थ प्रवास. मूळ अरबी, म्हणजे आपल्या 'सफर'चा सख्खा भाऊच. गाडीला तिकडे गारी म्हणतात, चहाला चाय, दुकानाला दुका, आणि जेवणात चपाती असतेच, त्यामुळे पहिल्या दिवशी कानाला उगाच ओळखीचं वाटत राहतं.

तंबूची पद्धत इंग्रज काळातल्या शिकारीतून आली. १९०९ मध्ये अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शेकडो हमाल घेऊन शिकारीला आला होता, तेव्हाही मुक्काम तंबूतच. केनियाने १९७७ ला शिकारीवर बंदी घातली, बंदुका गेल्या कॅमेरे आले, तंबू मात्र राहिले. हौस हे एक कारण, पण तंबू गुंडाळून नेता येतो हे जास्त महत्त्वाचं. खुंट्या उपटल्या, लाकडी फळ्या उचलल्या की गवताला जागा परत मिळते, काँक्रीटच्या लॉजचं तसं होत नाही.

आता इको म्हणजे नक्की काय, तर माझ्या मते तंबूचा खाकी रंग बघून काही कळत नाही, पाणी बघायचं. माळरानावर नळ नसतो, पाणी बोअरचं, नदीचं नाहीतर टँकरचं, म्हणून बऱ्याच कॅम्पात अजून बादलीचा शॉवर आहे. तंबूमागे एका खांबाला कप्पीवर बादली टांगलेली असते, तुम्ही आतून सांगायचं की पाणी हवंय, मग माणूस कोमट पाणी भरून दोरीने वर ओढतो आणि बाहेरून हाक मारतो, आत साखळी ओढली की धार सुरू. साधारण २० लिटर. अंग ओलं करा, साखळी बंद, साबण लावा, परत सुरू. ज्यांनी लहानपणी बंबाचं पाणी बादलीत काढून आंघोळ केलीय त्यांना हे अजिबात जड जात नाही, तासभर गिझरखाली उभं राहायची सवय असेल तर डोक्याला फेस तसाच राहतो. चांगल्या कॅम्पात पाणी सोलरवर तापवतात, लाकूड जाळायचं टाळायला कॉफीच्या टरफलांच्या किंवा भुश्शाच्या कांड्या वापरतात, सांडपाणी लव्हाळी लावलेल्या खड्ड्यातून गाळून सोडतात. हेअर ड्रायर बहुतेक ठिकाणी चालत नाही, सोलरच्या बॅटरीला तो झेपत नाही. राष्ट्रीय उद्यानं वगैरे संरक्षित जागांत प्लास्टिकच्या बाटल्या आणायलाच केनियात जून २०२० पासून बंदी आहे, कॅरीबॅग तर २०१७ पासूनच देशभर बंद. 'इकोटूरिझम केनिया' ही संस्था कॅम्पांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देते, बुकिंग करताना ते विचारावं. नुसतं नावापुढे इको लावणारेही भरपूर आहेत.

रात्रीची गोष्ट वेगळी. अंधार पडला की तंबूतून जेवणाच्या जागेपर्यंत एकटं जायचं नाही, टॉर्च दाखवून अस्कारीला, म्हणजे पहारेकऱ्याला बोलवायचं, तो बहुतेक मसाई, म्हणजे तिथल्या गुरं पाळणाऱ्या जमातीतला असतो, लाल शुका म्हणजे चादर गुंडाळलेला, हातात भाला. नदीकाठी कॅम्प असेल तर पाणघोडे रात्री चरायला वर येतात आणि गवत तोडल्याचा चर्रर्र आवाज अगदी उशाशी येतो, मध्ये फक्त कापड. तरसाचं 'ऊऽऽप' लांबून, सिंहाची डरकाळी तर आठ किलोमीटरवरूनही ऐकू येते त्यामुळे तो जवळ आहे की नाही हे नवख्याला कळत नाही, पहिल्या रात्री झोप लागली असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही. नियम साधाय, तंबूची चेन पूर्ण लावायची आणि आतच राहायचं. दिवसा चेन उघडी राहिली तर माकडं बिस्किटं नेतात, ते नक्की. मारा विषुववृत्ताजवळ असला तरी १५०० मीटरच्या वर आहे, रात्री चांगलीच थंडी पडते, म्हणून पांघरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवतात. पाय लागला की दचकायला होतं. पहाटे बाहेरून 'होडी', म्हणजे 'येऊ का?', अशी हाक आली की चहा आला.

मुद्द्याची गोष्ट जमिनीची. माराचं मूळ राखीव क्षेत्र साधारण १,५१० चौरस किलोमीटर, नारोक काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारकडे. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे, तिथे लोकांनी एकत्र येऊन कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेली खाजगी रानं, काढल्या, ओल किन्येई २००५ ला, नाबोईशो २०१० ला. नाबोईशोत ५०० हून जास्त जमीनमालक आहेत. कॅम्पवाले त्यांना दर महिन्याला भाडं देतात, बदल्यात तिथे तारेचं कुंपण, शेती, घरं होत नाहीत, गुरं ठरल्याप्रमाणे पाळीपाळीने चरतात, आणि किती एकराला किती तंबू यालाही मर्यादा आहे. म्हणून तिथे एका सिंहाभोवती वीस गाड्यांची जत्रा दिसत नाही, शिवाय रात्रीची सफारी आणि पायी फिरणं, जे मुख्य राखीव क्षेत्रात चालत नाही, ते इथे करता येतं. दुसरी बाजू अशी की सगळा संसार पाहुण्यांवर टांगलेला, २०२० ला कोरोनात विमानं थांबली तेव्हा भाडी कापली गेली आणि पहिला फटका याच घरांना बसला. आणि स्वस्त तर हे प्रकरण अजिबात नाही, जुलै २०२४ पासून परदेशी प्रौढ माणसाला राखीव क्षेत्राची नुसती एका दिवसाची फी जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, उरलेल्या महिन्यांत १००.

जायचं कधी, तर विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान माऱ्यात असतात आणि गर्दीही तेव्हाच. मार्च ते मे मोठा पाऊस, काळ्या मातीत गाड्या रुततात, बरेच कॅम्प एप्रिल-मेमध्ये बंदच. नैरोबीहून रस्त्याने नारोकमार्गे पाच-सहा तास, नाहीतर विल्सन विमानतळावरून छोटं विमान, त्यात सामान साधारण १५ किलोच आणि तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सुटकेस घेत नाहीत. गडद निळे-काळे कपडे नकोत, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्या रंगांकडे येतात. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि लसीचं ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवावं, कारण ते परत येताना मुंबईत विचारतात.